दात्यांच्या ओळीत

“वर काय पाहून राह्यला मिलिटरी, पोरगी तुहीच हाय,” सेवादास जीपच्या काचेवर फडकं मारत म्हणाला.

देवमन पडघान वरच पाहत राहिला. शेलूबाजारच्या चौकात, जीपा लागतात तिथे, रात्रीतून बांबूंवर फ्लेक्स चढला होता. वरच्या अर्ध्या भागात पक्षाचे साहेब हात जोडून उभे होते. त्यांच्या खाली मधले पुढारी, आणि सगळ्यांत खाली ‘मेळाव्यास आर्थिक सहकार्य करणारे दाते’ अशी ओळ. त्या ओळीत कृषी केंद्राचा मालक होता, एक ठेकेदार होता, आजूबाजूच्या गावचे सरपंच होते. या सगळ्यांच्या मधोमध, त्यांच्याहून दीडपट मोठी, वर्दीतली सपना होती. लाल टोपी थोडी तिरकी, नजर समोर. खाली लिहिलं होतं, ‘कु. सपना देवमन पडघान, भारतीय सेना’.

“लय झाक आला फोटो,” सेवादास म्हणाला. “आमच्या किशनले दाखवला. तीनदा भरतीत धावला, तीनदा वापस आला. म्हनलं, पाह्य, पोरगी असून.”

“रवी कुठी हाय?”

“मंडपात. सकाळपासून सतरंज्याच टाकून राह्यला. काहून, काही बिघडलं काय?”

“बिघडलं थोडंसं,” देवमन म्हणाला आणि चालू लागला.

सकाळी चहा व्हायच्या आत सपनाचा फोन आला होता. ती हळू बोलत होती, खोलीत कोणी झोपलेलं असावं तशी.

“बाबा, तुमी पक्षाले पैसे देल्ले काय?”

“म्या? कोनत्या पक्षाले?”

“माह्या नावानं. चौकात फोटो लागला. आत्याच्या पोरानं स्टेटसवर टाकला. आमच्या खोलीतल्या एकीनं मले दाखवला. ती चांगली हाय म्हनून मलेच दाखवला.”

देवमनला सगळं कळायला वेळ लागला नाही. सतरा वर्षं फौजेत काढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. नोकरीत असेपर्यंत पक्षाला वर्गणी नाही, पक्षाच्या सभेला जाणं नाही, आणि वर्दीतला फोटो तर नाहीच. सपना अग्निवीर म्हणून लागली होती, मिलिटरी पोलिसात. तिचं हे शेवटचं वर्ष. चार वर्षं झाली की चौघींतली साधारण एक पुढे राहते, बाकीच्या पैसे घेऊन घरी येतात. एका खोलीत त्या चौघीच होत्या.

“म्या जयंतीची वर्गनी देल्ली होती बाई,” तो म्हणाला. “तुह्या नावानं. दरसाल देतो तशी.”

“मग ती मेळाव्यात कशी गेली?”

देवमननं फोन दुसऱ्या कानाला लावला.

“बाबा, मागच्या महिन्यात अठी फोटोवाले आले होते,” सपना म्हणाली. “नागालँडची एक, पंजाबची एक, लडाखची एक, आन मी. रांगेत उभं केलं. मॅडमनं इचारलं, तू कुठली? म्हनलं, वाशिम. म्हने, थोडी हस, पोस्टरवर सगळ्या देशाच्या मुली दिसल्या पायजेत. म्या हसली. अठीही फोटोतच लागतो आपन, अन् गावातही. राह्यचं का नाही ते मातर कोनी सांगत नाही.”

“मी काढाले लावतो.”

“आजच काढा. कोनी फिरवला तं मले बोलावतीन. अन् बोलावलं की संपलं.”

त्याची बायको विमलबाई चुलीजवळून ऐकत होती. तिनं एवढंच विचारलं, “तिनं काय गुन्हा केला?”

“काहीच नाही,” देवमन म्हणाला. “म्या केला.”

पोर कमावतं झालं की त्याच्या नावानं जयंतीला वर्गणी द्यायची आणि विहारातल्या माईकवरून ते नाव पुकारून घ्यायचं, ही वस्तीतली जुनी रीत. देवमन भरती झाला तेव्हा त्याचा बाप दरसाल माईकजवळ जाऊन उभा राहायचा आणि नाव नीट ऐकून मगच घरी परतायचा. ‘देवमन पडघान, मिलिटरी.’ आडनावानंतरचा तो शब्द बापाला नावापेक्षा मोठा वाटे. जऊळक्याच्या स्टेशनावर काळी ट्रंक खांद्यावर घेऊन देवमन ज्या दिवशी गाडीत बसला, त्या दिवसापासून गावानंही त्याला त्याच नावानं हाक मारायला सुरुवात केली. फौजेत जात विचारत नाहीत, असं तो वस्तीतल्या पोरांना सांगायचा. हे पूर्ण खोटं नव्हतं. एका ताटात जेवणारे त्याला तिथेच भेटले. पण पहिल्याच आठवड्यात, आंघोळीच्या रांगेत, पुढच्यानं मागे वळून ‘तू किस में आता है’ असं विचारलं होतं, तेही तो विसरला नव्हता. ते मात्र तो पोरांना सांगत नसे. सपनालाही त्यानं ते सांगितलं नव्हतं. तिचं नाव पुकारलं गेलं त्या पहिल्या वर्षी मात्र तोही बापासारखाच माईकजवळ जाऊन उभा राहिला होता.

मंडपात रवी घामानं भिजला होता. रवी देवमनच्या चुलतभावाचा मुलगा. जयंती समितीचा सचिव तोच, आणि सहा महिन्यांपासून पक्षाचा तालुका उपाध्यक्षही तोच.

“जय भीम काका. पाह्यला काय फोटो?”

“काढ तो.”

रवी हसला, मग काकाचा चेहरा पाहून थांबला. देवमननं त्याला सगळं सांगितलं. रवी ऐकत होता, मधे मधे मंडपवाल्याला हातानं खुणा करत होता.

“पन काका, पैसे काही खाल्ले नाही कोनी. अवंदा जयंतीचा कार्यक्रम अन् मेळावा एकच हाय. मंडप एक, माईक एक, जेवन एक. म्हनून वर्गनीही एकात केली. त्यात एवढं काय?”

“तुले काही नाही. तिले हाय.”

“अन् उद्या साहेब येऊन राह्यले. आता फ्लेक्स उतरवला तं लोक काय म्हनतीन? पोरीच्या बापानंच फाडला?” रवीनं आवाज खाली आणला. “काका, मी तुमाले खरं सांगतो. त्या ओळीत आजलोक आपल्या वस्तीतला एक तरी मानूस आला काय? ठेकेदार येते, सरपंच येते. आपन सतरंज्या उचलाले. साहेबच म्हनले, तुमच्याकडचं एखादं चांगलं पोरगं दाखवा, सगळ्या समाजाचे लोक दिसले पायजेत. म्या सपना दाखवली. आपल्याकडं तिच्यापेक्षा चांगलं कोन हाय, सांगा ना.”

देवमनला त्याचा राग येईना. रवीनं फौजेचे नियम कुठे वाचले असणार? आणि पोराचं म्हणणंही साफ चूक नव्हतं. तो खाली, न उलगडलेल्या सतरंजीच्या वळकटीवर बसला. बँक उघडायला अजून वेळ होता. बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभं राहायचं, एवढंच त्याचं रिटायर झाल्यानंतरचं काम.

“जागा रिकामी ठेवता येईन काय?” त्यानं विचारलं.

“मधोमध भोसकं? काका, लोक फोटो काढतीन त्याचे. मग तं जास्तच फिरन.”

ते खरं होतं. रिकाम्या जागी कोण होतं, हा प्रश्न लोक विचारणारच.

“मग तठी माहा लाव,” देवमन म्हणाला.

रवीनं मान वर केली.

“मी रिटायर हाय. मले कोनी इचारत नाही. मी कोनाच्याही फ्लेक्सवर बसू शकतो.”

“तुमी?” रवी म्हणाला. त्याला ते खरं वाटेना.

कारण वस्तीत सगळ्यांना ठाऊक होतं. निवडणूक आली की घराघरावर झेंडे चढत, एकाच भिंतीच्या दोन टोकांना दोन रंग दिसत. देवमनच्या घरावर कधी काही चढलं नाही. तो मत कोणाला देतो ते विमलबाईलाही माहीत नव्हतं. सवयच तशी लागली होती, आणि नोकरी सुटल्यावरही ती सुटली नाही. म्हणूनच वस्तीतले दोन्ही गट भांडण झालं की त्याच्या ओट्यावर येत, आणि विहाराची चावी त्याच्या घरी खिळ्याला टांगलेली असे. ती दोन्हींपैकी कोणत्याही एका गटाकडे राहिली असती तर दुसऱ्यानं कुलूप तोडलं असतं.

“बरं,” रवी म्हणाला. त्याच्या डोक्यात आता दुसरंच काही चालू झालं होतं. “मग वर्दीतला द्या. मेडल लावलेला. माजी सैनिक म्हनून साहेबांच्या बाजूले खुर्चीही देतो.”

“वर्दीतला नाही.”

“काका, आता तं तुमी रिटायर.”

“वर्दी माही नाही, सरकारची हाय. पासबुकासाठी काढलेला हाय एक, तो घे.”

फ्लेक्सवाल्या राजूच्या दुकानात संगणकासमोर दोघं उभे राहिले. राजूनं देवमनचा चेहरा कापला, मागची पांढरी भिंत पुसली, गालाचा रंग थोडा उजळ केला. देवमननं सांगितलं, रंग राहू दे तसाच. राजूनं तो परत आणला. मग माप घेऊन स्टिकर छापला आणि त्याचं पोरगं शिडी घेऊन चौकात गेलं.

सेवादासनं जीप बाजूला घेतली. शिडीवरून स्टिकर लागत असताना पाच-सहा जण खाली जमले. आधी सपनाची टोपी झाकली, मग कपाळ, मग डोळे. देवमन बँकेच्या पायरीवरून, बंदूक खांद्याला अडकवून पाहत होता. स्टिकर नीट बसावा म्हणून पोरानं फडक्यानं तिच्या तोंडावरून हात फिरवला, वरून खाली, दोनदा. शेवटी त्याचाच चेहरा खाली पाहत राहिला, आणि खाली अक्षरं, ‘देवमन पडघान, माजी सैनिक’.

“काय गा मिलिटरी,” सेवादास बँकेपाशी येऊन म्हणाला, “पोरीची जागा खाल्ली?”

“खाल्ली.”

“तिकीट-बिकीट घेऊन राह्यला काय?”

“दिलं तं घेईन.”

सेवादास हसला, पण देवमन हसला नाही म्हणून तोही थांबला. मग खिशातून तंबाखूची डबी काढून त्यानं देवमनपुढे धरली. देवमननं ड्यूटीवर कधी तंबाखू खाल्ली नव्हती. आजही खाल्ली नाही.

संध्याकाळी सपनाला त्यानं फोन केला. “काढला.”

“पुरा?”

“पुरा. भाच्यालेही सांगितलं, त्यानं स्टेटस काढला. तुले कोनी इचारलं काय?”

“अजून नाही. बाबा, रवीदादा चिडला असन ना?”

“नाही चिडला. समजदार हाय तो.”

तिच्या जागी आता काय आहे ते तिनं विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी मेळाव्यात त्याला खरंच वर बसवलं. गळ्यात पक्षाची पट्टी घातली. साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि भाषणात म्हणाले की आपल्या पक्षात शेतकरी आहे, व्यापारी आहे, आणि हा पाहा, देशाचा जवानही आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ऊन मंडपाच्या कापडातून गाळून येत होतं. देवमन गुडघ्यांवर हात ठेवून, पाठ ताठ करून बसला. समोर बायकांच्या बाजूला विमलबाई होती. ती त्याच्याकडे पाहत नव्हती.

मग रवीनं वर्गणीदारांची नावं वाचली. ‘देवमन पडघान, माजी सैनिक,’ असं माईकवरून आलं. सपनाचं नाव आलं नाही. ते येणार नाही हे त्याला माहीत होतं. त्यानंच तसं सांगितलं होतं. तरी पुढचं नाव लागेपर्यंत तो ऐकत राहिला.

मेळाव्यानंतर काही दिवसांनी रुपाबाई घरी आल्या. वस्तीतल्या महिला मंडळाच्या त्या प्रमुख, वयानं देवमनपेक्षा मोठ्या. ओट्यावर बसल्या, पाणी प्यायल्या, सपनाची विचारपूस केली.

“भाऊ, एक सांगाले आली,” त्या म्हणाल्या. “तिकडच्या गल्लीतले पोरं म्हनतात, चावी आता दुसऱ्याकडं ठेवू. म्या म्हनलं, देवमन तसा मानूस नाही. पन ते म्हनतात, आमी फ्लेक्सवर पाह्यला.”

“बराबर हाय त्यायचं.”

“तू सांग तं मी भांडतो त्यायच्याशी.”

“नका भांडू बाई. तुमच्याकडंच ठेवा.”

“काहून गेला तू त्या ओळीत?” रुपाबाईंनी विचारलं. “इतक्या वर्षांत नाही गेला.”

विमलबाई दारात येऊन उभी होती. देवमननं तिच्याकडे पाहिलं. वस्तीत सांगितलेली गोष्ट दुपारपर्यंत चौकात आणि संध्याकाळपर्यंत मोबाईलवर जाते, सपनाच्या नावासकट.

“वाटलं, जावं,” तो म्हणाला, आणि आत जाऊन खिळ्यावरची चावी काढून आणली.

वैशाख लागला. मेळावा होऊन गेला तरी फ्लेक्स कोणी उतरवला नाही. साहेबांच्या जोडलेल्या हातांवर धूळ बसली. उन्हानं स्टिकरचा डिंक सुटू लागला आणि देवमनच्या चेहऱ्याचा वरचा कोपरा वळून खाली आला. त्यातून लाल टोपीची कड दिसे. सपनाचा निकाल अजून लागला नव्हता. ती फोनवर बरी बोले.

बँकेत जाण्याआधी देवमन रोज चौकात थांबू लागला. जीपच्या रांगेत तेव्हा फारशी गर्दी नसे. तो काखेतली छत्री काढी, टाचा उचली, आणि छत्रीच्या टोकानं आपल्या कपाळाचा तो कोपरा दाबून धरी. थोडा वेळ तसाच उभा राही. सेवादास जीपमध्ये बसून हे पाही. एके दिवशी त्यानं न विचारताच जीप मागे घेतली, फ्लेक्सच्या अगदी खाली लावली, आणि बॉनेटवर हात थोपटून म्हणाला, “चढ वरते. हात पुरन.”