वरचं नाव

“अगं, या दोघी नाहीत, एकच बाई आहे!” मी निकितावर खेकसलेच.

निकिता आमच्या देवळाली कॅम्पच्या वाचनालयात नवी पद्धत बसवायला आली होती. कार्डांचे खण बंद. आता संगणकात प्रत्येक लेखकाची एकच ओळख करायची आणि त्याची सगळी नावं, सगळी पुस्तकं तिला जोडायची. मग कुठल्याही नावाने शोधा, माणूस अख्खा सापडतो म्हणे. माझा जन्म गेला कार्डं लिहिण्यात, त्यामुळे मला ही थेरंच वाटत होती.

“पण मॅडम, ‘खेकड्याची शेती’ सुला हिरामण बागुल यांचं आहे. आणि ‘चिमणीचा दवाखाना’ कुसुम रंगनाथ देवरे यांचं.”

“त्या बघ, खिडकीपाशी पेपर वाचताहेत. दोन्ही त्याच.”

आपलं नाव ऐकून कुसुमकाकू उठून आल्या. माहेर कळवणकडचं, आणि ‘खेकड्याची शेती’ लग्नाआधीचं, तिथलंच.

“सासरी सुला नावाची नणंद होती ना! एका घरात दोन सुला कशा चालतील? लग्नात ह्यांनी ताटातल्या तांदळात ‘कुसुम’ लिहिलं, झालं! तवापासून मी कुसुम.” त्या हसल्या, पण पदराचं टोक बोटाला गुंडाळणं चालूच होतं. “नातू रुद्र म्हणतो, आजी, खेकड्याचं पुस्तक तुझं नाय, त्यावर नाव दुसरंच हाय. त्याला काय दाखवू गं मी?”

स्वतःचं पुस्तक, आणि घरात कुणी खरं मानत नाही!

निकिताने दोन्ही नावं जोडली. मग म्हणाली, “वर कुठलं ठेवू?”

“कुसुम देवरे,” मी सांगून टाकलं. “सगळे त्याच नावाने ओळखतात.”

“नाय!” काकूंचा आवाज एवढा चढलेला मी कधी ऐकला नव्हता. “सुला वर ठेव. कुसुम लय वर्षं वरच हाय.”

निकिताने सांगितलं तसं केलं. पडद्यावर वर सुला हिरामण बागुल, खाली कुसुम रंगनाथ देवरे आणि त्याखाली दोन्ही पुस्तकं. काकूंनी त्या नावावर बोट ठेवलं आणि डोळ्यांना पदर लावला. मग रुद्रला दाखवायला मोबाइलमध्ये फोटो काढून घेतला.

दुपारपर्यंत आम्ही दुसऱ्या लेखकांत गुंतलो, काकू पुन्हा पेपरात. अशा दिवशी नुसतं कोरडं कसं राहायचं? मी चहा मागवला आणि मोठ्या हौसेने हाक मारली, “सुलाताई, चहा घ्या!”

पेपर तसाच राहिला.

“अहो सुलाताई!”

आता काकूंनी मान वर केली. दाराकडे पाहिलं. मग शेजारच्या खुर्चीवरची आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली, येणाऱ्या बाईला बसता यावं म्हणून.