माल भरल्यावरची उंची

आमच्या पिकअपला नवी चाकं घ्यायची ठरली आणि घरात दोन पक्ष पडले. एका पक्षात भावजी, म्हणजे माझे धाकटे दीर. दुसऱ्यात मी. माझे यजमान कंबरेला पट्टा बांधून कॉटवर पडून होते. त्यांनी तटस्थ राहायचं ठरवलं होतं, म्हणजे दोघांचंही ऐकून घ्यायचं आणि कूस बदलायची.

आम्ही मधमाश्या पाळतो. खालची फुलं संपली की चाळीस पेट्या गाडीत भरून वरच्या माळावर न्यायच्या, तिथे बहर महिनाभर उशिरा येतो. वाटेत एक ओढा आहे. पाणी घोटाभर, दगड गुडघाभर. मागच्या वर्षी त्यात गाडीचं पोट आपटलं. एकदाच. वर जाऊन पेट्या उघडल्या, तर अकरा पेट्यांमधली पोळी तुटून तळाशी पडलेली, माश्या स्वतःच्याच मधात बुडून मेलेल्या. त्या राड्यात मी दुपारभर राण्या शोधत बसले होते. यंदा पुन्हा तसं झालं तर हा धंदा बंद करावा लागणार, हे तिघांनाही पक्कं ठाऊक होतं. तोंडाने कुणी म्हणत नव्हतं, एवढंच.

भावजींनी महिनाभर मोबाईलमध्ये डोकं घालून अभ्यास केला होता.

"वहिनी, सहा इंचांची लिफ्ट, म्हणजे गाडी तेवढी वर. वीस इंची अलॉय व्हील. मग ओढा काय, गाडी जिना चढेल."

"आणि आपण गाडीत कसे चढणार? शिडी लावून?"

"तुम्हाला ना, कशाची हौसच नाही."

गॅरेज चालवणारे मिस्त्री साठीचे, किडकिडीत, कानावर खडू खोचलेले. आत टायरांच्या उतरंडी छताला टेकलेल्या. भिंतीवर प्रत्येक पान्याची आकृती रंगवलेली, म्हणजे कुठला पाना जागेवर नाही ते दारातूनच दिसावं. माझ्या स्वयंपाकघरात अशी व्यवस्था असती तर अर्धं आयुष्य झारा शोधण्यात गेलं नसतं.

भावजींनी वही उघडून आकडे वाचले. ओढ्यातल्या सगळ्यात मोठ्या दगडाची उंची, गाडीच्या पोटाची उंची, दोन्हींतला फरक. "सगळं टेपने मोजलंय," ते म्हणाले.

मिस्त्रींनी गाडीभोवती एक फेरी मारली. "मोजली तेव्हा गाडी भरलेली होती?"

भावजींनी वही मिटली.

मीही खाली बघितलं. पेटी हलवण्याआधी आम्ही प्रत्येक पेटी मागून एका हाताने जराशी उचलून बघतो. आत मध किती, उपासमार आहे का, सगळं त्या एका हिसक्यात मनगटाला कळतं. चाळीस पेट्यांची अशी नाडी बघणारे आम्ही, आणि गाडी मात्र उपाशीपोटी मोजून आलो होतो.

"एका पेटीचं वजन किती, ताई?"

"किलोत नाही सांगता येणार. हाताला माहीत आहे."

मला वाटलं, आता हसतील. त्यांनी रिकामं पोतं आणि फावडं आणलं. "मी वाळू भरतो. हात म्हणेल तेव्हा थांबवा."

मी पोत्याचा कोपरा धरून उचलत राहिले. "अजून. अजून थोडी. बास, ही आमची पेटी." त्यांनी पोतं काट्यावर ठेवलं. अठ्ठावीस किलो. दुसरं पोतं भरलं, मी थांबवलं, काट्यावर पुन्हा अठ्ठावीस. मिस्त्रींनी काट्याला बोटाने टिचकी मारून बघितली, मग माझ्या मनगटाकडे बघितलं आणि बाकीची पोती न जोखताच भरून घेतली.

चाळीस पोती चढली तेव्हा गाडी मागून बसली. भावजींनी वाकून बोटं लावून बघितलं, पोट चार बोटं खाली आलं होतं.

"दगड होता तेवढाच होता, वहिनी," ते हळूच म्हणाले. "आपणच खाली गेलो होतो."

मग मिस्त्रींनी आम्हाला गाडीखाली बघायला लावलं. मी आयुष्यभर या गाडीत बसले, पण खालून कधी बघितली नव्हती. मागच्या दोन चाकांच्या मधोमध लोखंडाचा एक फुगीर गोळा होता. त्यावर मागच्या वर्षीचा ओरखडा अजून चकाकत होता.

"बॉडी बसली, टायरही दबले, आणि आपटला हा. आता नीट ऐका. लिफ्टने बॉडी वर जाते. हा गोळा चाकांनाच जोडलेला, तो तिथेच राहतो. सहा इंच लिफ्ट करा नाहीतर साठ, दगड यालाच लागणार."

"मग हा वर जायचा कसा?" मी विचारलं.

"टायर उंच झाला तरच. लिफ्ट फक्त उंच टायरला चाकावरच्या कमानीखाली जागा करून देते. दोन इंच पुरे. भरल्यावर बसू नये म्हणून मागे स्प्रिंगचा एक पाटा जास्तीचा."

भावजींचे सहा इंच डोळ्यांदेखत दोनावर आले. अलॉयसाठी मात्र ते हटून बसले. मिस्त्रींनी वाद घातला नाही. त्यांच्याकडे जुन्या चाकांचे जोड होते. अंगणात लाकडी फळ्या आडव्या मांडल्या, आधी वीस इंची रिम आणि पातळ टायर चढवले आणि मला म्हणाले, "मागे बसा, ताई. पोत्यावर तळवा ठेवा. पेटी समजा."

प्रत्येक फळी माझ्या कोपरापर्यंत आली. चौथ्या फळीला माझे दात वाजले. भावजी बाजूने चालत माझं तोंड बघत होते.

मग लहान रिमचे, जाडजूड गालांचे टायर आले. मिस्त्रींनी त्यांतली थोडी हवा सोडली. रिम लहान म्हणून रबर जास्त, रबर जास्त म्हणून धक्का मुरायला जागा जास्त, एवढंच सांगितलं. गाडी निघाली. मी फळी येण्याची वाट बघत राहिले आणि मागे वळून बघते तर फळ्या संपलेल्या. तळव्याखाली पोतं नुसतं वरखाली झालं होतं, झोपलेल्या बाळाचं पोट होतं तसं.

शेवटी, दोन इंचांची लिफ्ट आणि जास्तीचा पाटा बसवून झाल्यावर, त्यांनी एक चाक उतारावर चढवलं. ते चाक माझ्या छातीपर्यंत वर गेलं, कमानीत शिरलं, आणि उरलेली तिन्ही जमीन धरून उभी राहिली. मिस्त्रींनी कमानीला आतून खडू फासला होता. तो जराही पुसला गेला नव्हता, म्हणजे टायर कुठे घासलाच नव्हता. अडीच टन लोखंड एक पाय उचलून इतकं शांत उभं राहू शकतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मी पदर सावरत तिथेच उभी राहिले.

"घ्या हीच," भावजी म्हणाले. "काळी आहेत, पण ठीक आहेत."

आठवड्याने, उजाडायच्या आत, माश्या घरी असताना पेट्यांची तोंडं बंद केली. मिस्त्री म्हणाले, पाट्यांचा आवाज ऐकायला मीही येतो. ओढ्याशी ते उतरले आणि पाण्यात उभे राहून भावजींना हाताने वाट दाखवू लागले. मी मागे, पेट्यांमध्ये बसले होते. चाक दगडावर चढलं, गाडी कलली, सगळ्या पेट्या एकदम गुणगुणल्या, मग दुसरं चाक चढलं. खालून काहीच लागलं नाही. पलीकडच्या काठावर भावजींनी गाडी थांबवली आणि उतरून आधी गाडीखाली वाकून बघितलं.

माळावर ऊन आल्यावर मी पहिली पेटी उघडली. मग दुसरी. एकेक करत शेवटपर्यंत गेले. चाळिसावीतली चौकट मी वर उचलली तेव्हा पोळं अखंड होतं, आणि राणी त्यावरून अंडी घालत चालली होती, जणू तिला कुणी कुठे नेलंच नव्हतं.

मिस्त्री जाळीची टोपी घालून जवळ आले. उन्हासमोर धरलेल्या त्या पोळ्याकडे ते बराच वेळ बघत राहिले. घर घराला लागून, प्रत्येक भिंत सारख्याच जाडीची. त्यांनी खिशातून माप काढलं, एका घरावर लावलं, मग शेजारच्या, मग पार टोकाच्या.

"यांना माप कोण देतं?" त्यांनी विचारलं.

"कुणी नाही."

"आणि हे करतात कधी?"

"अंधारात," मी म्हणाले. "पेटीत उजेड नसतो."

त्यांनी माप मिटून खिशात ठेवलं. भावजी मोबाईल काढून यजमानांना फोन लावत होते, रेंज शोधत माळभर फिरत होते. मिस्त्री मात्र टोपीची जाळी पोळ्याला लागेल इतके पुढे वाकले, आणि मी चौकट तशीच धरून उभी राहिले, हात भरून आले तरी.