मावशीने दिलेलं कोकम सरबत

माझी धाकटी जाऊ आनंदी दम्याची, आणि आमच्या घरचा धंदा कोकम सरबताचा. तिचा नवरा, म्हणजे माझे दीर गोकुळदास, गोव्यातल्या चोपडे गावी परसातल्या छपराखाली बाटल्या भरत. आधी सरबत आंबायचं, बुचं उडायची, दुकानदार माल परत पाठवायचे. मग कुणीतरी त्यांना सल्फाइटची पांढरी पूड सुचवली. ती घातली की सरबत महिनोन् महिने टिकायचं. दीर न मोजता चिमटीनेच घालत. मी बोलले तर म्हणत, "वयनी, तू आमटीत मीठ मोजून घालतस?" डोकंच फिरायचं माझं.

ते सरबत प्यायलं की आनंदीची छाती भरून यायची. म्हापशाच्या डॉक्टरांना विचारलं. "काही दमेकऱ्यांना ही पूड सोसत नाही. पण खात्रीने कसं सांगू? बाकीच्यांना काही होतं का?" नव्हतंच होत. सगळा गाव मजेत पीत होता. पूड बंद केली तर खायचं काय? आनंदीनेच सरबत सोडलं.

गोव्याला घटक राज्याचा दर्जा मिळाला, त्या मे महिन्यात आम्ही दोघी आमोण्याला तिच्या माहेरी बारशाला गेलो. मी दारात सामान उतरवत होते. आत तिच्या सत्यवती मावशीने सरबताचा ग्लास पुढे केला; आनंदीने ते सोडलंय हे तिला ठाऊक नव्हतं. जावयाचा माल म्हणून मुद्दाम बाटली विकत आणलेली! चारचौघांत नवऱ्याच्या मालाला नाही कसं म्हणायचं? आनंदी निमूट प्यायली आणि धापा टाकू लागली. उन्हाने जीव घाबरला तर आमच्याकडे कोकमच देतात. थोडं तरी पी म्हणून मावशीने दुसरा ग्लास तिच्या तोंडाला लावला. "मातशें पी गो बाय, थंड वाटतलें."

मी धावले तोवर तिचे ओठ निळे पडले होते. डिचोलीच्या इस्पितळात नेताना वाटेतच ती गेली. पुडीने, उन्हाने की नुसत्या दम्याने, तिथल्या डॉक्टरांनाही सांगता येईना.

बाराव्याला मावशी माझ्याशेजारी येऊन बसली.

"नंदा, मरतना तरी थंड घोट म्हज्या हातान तिच्या पोटांत गेलो गो."

तेवढाच तिला आधार उरला होता. एरवी मी कुणाचीही भीड ठेवत नाही, पण आनंदीने सरबत का सोडलं होतं ते तिला सांगितलं नाही.

"होय मावशी," मी म्हटलं, आणि तिचा हात धरून रडत राहिले.