रेनीशी कुणी भांडत नाही

आमचा यतीन तसा गुणी, पण मेला अति सभ्य. त्या सभ्यपणापायी आम्ही रेनीला घालवून बसणार होतो.

अमेरिकेत चँडलरच्या एका कॉम्प्युटर-चिपच्या कंपनीत आमची टेस्टिंगची टीम. यतीन लीड, पुण्याचा. मग राजेश, निधी आणि मी शोभना, नागपूरची, सगळ्यांत थोरली, त्यामुळे तोंड सोडायचा परवाना माझ्याकडे. आणि रेनी. इथल्याच जॉर्जिया राज्याची, आमच्यातली एकटी ब्लॅक आणि मराठी न कळणारीही एकटीच. चिप कुठे दगा देईल हे तिच्याइतकं कुणाला कळत नाही. तिच्यावर सगळ्यांचा जीव. दिवाळीत चकल्यांचा पहिला डबा तिला जातो.

पण दुपारी थर्मास घेऊन आम्ही पार्किंगच्या सावलीत चहाला जमतो, तेव्हा तिला कुणी हाक मारत नाही. "ती चहा पीत नाही, उगाच कशाला तिला उन्हात," हा यतीनचा कळवळा. तिथे मराठीत कडाकडा भांडून सगळं ठरतं. नंतर मीटिंगमध्ये रेनी काही बोलली की यतीन गोड हसतो, "ग्रेट पॉइंट, रेनी" म्हणतो आणि पुढे जातो.

गुरुवारी तिनं मला गाडीपाशी गाठलं. "शोभना, दुसऱ्या टीमनं बोलावलंय. सोमवारी हो म्हणणार आहे."

"अगं, का? कुणी काही बोललं का?"

"कुणी काही बोलतच नाही," ती म्हणाली. "तुम्ही एकमेकांशी भांडता ते मला खिडकीतून दिसतं. माझ्याशी नुसतं हसता. मी इथे पाहुणी आहे. आणि माझा आवाज जरा चढला तर लोक लगेच म्हणतात, ही बाई रागीट. म्हणून प्रत्येक वाक्य तोलून बोलायचं, आणि तेही सगळं ठरून गेल्यावर. थकले मी."

शुक्रवारी सकाळी मी तिघांना धरलं. "रेनी दुसऱ्या टीमला चाललीय. तिला तुमच्या चकल्या नकोत, तिचं म्हणणं ऐकून घ्यायला हवंय. आजपासून रेनी चहाला येणार आणि तिथे इंग्रजीत बोलायचं."

"चहावर पण इंग्रजी? काय यार ताई," राजेश कुरकुरला.

"मराठी घरी बायकोशी बोल. तेवढंच तिलाही बरं वाटेल."

यतीनचा चेहरा उतरला. "मी तिला कधी दुखावलं नाही हो."

"राजेशला रोज दुखावतोस. तो गेला का टीम सोडून?"

यतीन स्वतः रेनीच्या डेस्कशी जाऊन तिला बोलावून आला. दुपारी रेनी आली, आपली कॉफी घेऊन. यतीननं सांगितलं, वेळ वाचवायला चिप तापवून करायची टेस्ट या वेळी गाळू या.

"मला वाटतं, कदाचित..." रेनीनं हळूच सुरुवात केली.

"ग्रेट..." म्हणता म्हणता यतीननं माझ्याकडे पाहिलं आणि पुढचा शब्द गिळला. "नाही, मला पटत नाही. का गाळायची नाही, सांग."

तिनं सांगितलं. त्यानं मधेच तोडलं. तिनं त्याला तोडलं. मागच्या वेळी उन्हाळ्यात बंद पडलेल्या चिपांचा दाखला तिनं त्याच्या तोंडावर मारला, आवाज चांगलाच चढवून. कुणी दचकलं नाही, कुणी हसून विषय बदलला नाही. यतीननंही आवाज चढवला. निधी सरकून रेनीच्या बाजूला उभी राहिली.

"बरं बाई, टेस्ट राहील," यतीननं हात टेकले. पण ती किती वेळ चालवायची यावरून दोघांची परत जुंपली आणि चहा संपला तरी मिटेना.

आत जाताना यतीन माझ्या कानाशी लागला. "ताई, फार बोललो का? सॉरी म्हणून येऊ?"

"खबरदार," मी म्हटलं.

रेनी मागेच राहिली होती. वळून पाहिलं तर फोनवर बोलत होती. "नाही, सोमवारपर्यंत थांबू नका. मी येत नाही." मग जरा थांबून म्हणाली, "इथे माझं एक भांडण अर्धं राहिलंय."