भारद्वाजबाबांची काठी

साखऱ्याच्या माळावर दर गुरुवारी शुभशकुन घाऊक मिळू लागला होता. आमच्याकडे सकाळी भारद्वाज दिसला की माणूस खुशीत कामाला निघतो. इथे तर बाबा काठी उंचावत, काठीतून ‘हूप हूप’ घुमे आणि झुडपातून तांबड्या पंखांचा खराखुरा भारद्वाज समोरच्या फांदीवर येऊन बसे. हा मागच्या जन्मीचा माझा शिष्य, असं बाबा सांगत. पक्ष्याचं मत कुणी विचारलं नव्हतं.

तांड्यावरच्या पुजाला ते ठाऊक होतं. विश्वंभर सरांच्या गटात ती हौसेने, बिनपगारी काम करी: कोणता पक्षी कुठे दिसला, कोणतं झाड कधी फुललं, फोटो आणि आवाज टिपून शास्त्रज्ञांना पाठवायचे. त्या झुडपात भारद्वाजाचं घरटं होतं, त्यात अंडी. आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला असं समजून पक्षी भांडायला येतो, हे तिने लोकांना सांगून पाहिलं. भक्तांना जो आशीर्वाद वाटे, ती पक्ष्याची शिवी होती. असं पुन्हा पुन्हा अंड्यांवरून उठवलं तर जोडी घरटं सोडेल, हेही सांगितलं. तांड्यातले उत्तमसिंग म्हणाले, “पोरी, तुहं शास्त्र मोबाइलातच ठेव.”

पुढच्या गुरुवारी काठी घुमली, पण पक्षी आला नाही. बाबांनी आवाज तसाच चालू ठेवला. हूप हूप संपलं आणि काठीतून बाईचा आवाज आला, “पुजे, म्हैस सुटली गं, कुठं उलथलीस?”

बाबांनी डोळे मिटूनच खुलासा केला: देवी बोलली, म्हैस म्हणजे अज्ञान.

गर्दीतून पुजाची आई शकुंतलाबाई उठली. “देवी कायची? मीच हाय ती. अन् म्हैस बी आमचीच.”

उत्तमसिंगांनी काठीचं भगवं फडकं सोडलं. पोकळ बांबूत बोटभर स्पीकर निघाला. लोक हसले. पुजा हसली नाही. तो आवाज तिनेच टिपला होता, तेव्हा आईची हाक त्यात शिरली होती. आणि तिने तो एकाच माणसाला पाठवला होता. तो माणूस कडेला चष्मा पुसत होता.

“सर, बाबांना काहून दिला?”

“इतके लोक जमतात, त्यांना पक्ष्यांबद्दल चार शब्द सांगता येतील असं वाटलं.”

“सांगितले का?”

सरांनी चष्मा चढवला आणि ते निघू लागले.

“घरट्याजवळ आवाज वाजवायचा न्हाई, हे तुमीच शिकवलं मला.”

ती झुडपात वाकली. अंडी गार पडली होती.

वाचकहो, नमस्कार करण्याआधी काठी उघडून बघा. आत आवाज कुणी भरला तेही विचारा, नाव ओळखीचं निघालं तरी. पुजा अजून माळावर जाते, गटात आता ती एकटीच आहे. सोबत हवी आहे. चमत्कार करता येत नसला तरी चालेल.