परातीतला हिरवा हात

भर दुपारी आमच्या गावतळ्याचं रक्त व्हायचं आणि दिवेलागणीला पुन्हा पाणी. साल अठ्ठ्याण्णव, महिना एप्रिलचा. घोड नदीकाठी, इनामगावच्या अलीकडं आमचं गाव. पण त्या आठवड्यात लांबच्या कारेगावच्या कारखान्यातली पोरंसुद्धा शिफ्ट बुडवून तळ्यावर येत होती. पाण्यावर लालभडक साय, तिच्यात पोट वर करून मेलेले मासे, काठावर नारळांचा ढीग.

म्हाळू भगत दुपारभर बाभळीखाली घोरायचा. ऊन कललं की घंटा घेऊन उठायचा, चिमूटभर राख पाण्यात टाकून किंचाळायचा, "तळ्याची माय रक्त ओकतीया! बघा, माझ्या राखंनं निवली!" अंधार पडेस्तोवर तळं हिरवं. लोक पाया पडायचे. दुसऱ्या दुपारी माय पुन्हा ओकायची. मग कालची राख कुठं गेली, हे काही कुणी विचारलं नाही.

शनिवारी त्यानं कारण सांगितलं. "गळं चिरणारा गावात हाय. त्याचं पाप पाण्यात उतारलंय."

मटणाचं दुकान गावात एकच, इब्राहिमचं. "चरबी बघून घाल रं, इब्राहिम," म्हणत जत्रेला त्याच्या दारात ताटकळणारी माणसंच काठ्या घेऊन पुढं होती. पहिला दगड डोक्यात बसला. तो गुडघ्यावर आला तशा लाथा सुरू झाल्या. मग गावकारभारी भिमाजीआप्पांची काठी त्याच्या उजव्या हातावर उतरली, आणि हाड मोडल्याचा आवाज समोर माझ्या पिठाच्या गिरणीत ऐकू आला. त्याच्या बायकोनं, चांदबीनं, त्याला फरपटत गिरणीत आणलं. मी कडी घातली. जमिनीवरच्या पिठात रक्ताचे गोळे व्हायला लागले.

"हौशीराम, दार उघड! न्हाईतर गिरणीसकट पेटवीन!" आप्पा बाहेरून ओरडले. रॉकेलचा डबा आलेला फटीतून दिसत होता.

"आप्पा, तुमचंच दळण हाय आत!"

बाहेर जरा विचार झाला. तेवढाच फायदा.

आमच्याबरोबर आत नीलम होती, शाळेतून येऊन टेकलेली. एम. एस्सी. होऊन वर्ष झालं नव्हतं. पुण्याहून तळ्यातले जीव तपासायला यायची आणि दर शनिवारी शाळेत पोरांना पर्यावरण शिकवायची. तिचे तक्ते फार सुरेख. पोरं त्यांच्याकडं बघत डुलक्या घ्यायची. आताही ती दार किलकिलं करून म्हणाली, "ऐका! हे एकपेशीय शैवाल—" दगड भुवईवर बसला. शैवाल तिथंच राहिलं.

तिनं रक्त पुसलं, पिठाच्या परातीकडं बघितलं. मग म्हणाली, "मामा, परात द्या."

परात बघून लोकांना वाटलं, नैवेद्य निघाला. वाट मिळाली; मी मागं पुन्हा कडी घालून फटीला डोळा लावला. तिनं तळ्याचं लाल पाणी परातीत आणून गिरणीच्या ओट्यावर उन्हात ठेवलं.

"भगतबाबा, टाका राख. आत्ता हिरवं करून दाखवा."

"मायची येळ सांजंची हाय."

"का? दुपारची माय पण झोपती व्हय तुझ्यासारखी?" गर्दीतून म्हातारी मुक्ताबाई म्हणाली. कुणीतरी हसलं.

नीलम आप्पांकडं वळली. "आप्पा, मग तुम्हीच करा. हात पाण्यावर धरा. टेकवू नका, नुसती सावली पडू द्या. पाणी हिरवं नाही झालं, तर हे दार मी उघडते."

आत चांदबीनं माझी बाही घट्ट पकडली.

आप्पांनी काठी ठेवली आणि तोच हात परातीवर धरला. "ऊन आडवू न्हका रं," तेच पोरांवर खेकसले. घामाच्या धारा लागल्या तरी त्यांनी हात हलवला नाही.

"काढा."

लाल पाण्यात हिरवा हात उमटला होता. उसाच्या चरकात तुटलेलं आप्पांचं अर्धं बोटसुद्धा तसंच अर्धं. आणि ऊन लागलं तसा तो हात सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पुन्हा लाल होत गेला. आप्पांनी आपला हात धोतराला पुसला.

"पाण्यात डोळ्यांना न दिसणारे जीव आहेत," नीलम म्हणाली. "ऊन चढलं की ते अंगातला लाल रंग वर आणतात, आपण डोक्याला टॉवेल गुंडाळतो तसा. ऊन गेलं की रंग आत, आणि अंगचं हिरवं दिसतं. उकिरड्याचं आणि खताचं पाणी तळ्यात उतरतं, त्यावर ते माजतात, मासे गुदमरतात. राख टाका, नाहीतर टाकू नका."

म्हाळू सटकत होता. त्याच काठ्या आता त्याच्यावर उठल्या. एक पाठीत बसलीही. नीलम मध्ये शिरली. "आत्ताच कळलं ना? लगेच विसरलात? पोलिसांत द्या त्याला."

इब्राहिमला आप्पांच्याच जीपमधून शिरूरला नेलं. चांदबी एवढंच म्हणाली, "आप्पा, तुमच्या नातवाच्या जावळाचं बोकड ह्याच हातानं कापलं हुतं." आप्पा पुढच्या सीटवर बसले, मागं बघेनात.

तो हात काही सरळ झाला नाही. सुरी आता चांदबी चालवते. नीलमनं तक्ते गुंडाळून ठेवले. शनिवारी शाळेच्या अंगणात माझी परात असते, आणि पोरं हाताच्या सावलीसाठी भांडतात.

सांगणं एवढंच, की भगत बोट दाखवेल तिकडं हात उगारू नका. आधी तो थोडा वेळ परातीवर धरून बघा.