बाबांना रॅले दाखवताना

अमेरिकेत रॅले शहराला लागून असलेल्या कॅरीतल्या मराठी घरांचा एक अलिखित नियम होता. भारतातून कुणाचेही आईवडील आले, की जेट लॅग उतरायच्या आत त्यांना रॅलेची फेरी घडवायची. राज्याच्या राजधानीचं शहर असलं तरी बघण्यासारखं आटोपशीरच, म्हणून फेरीही ठरलेली. आधी कॅपिटॉलसमोर, म्हणजे जुन्या विधानभवनासमोर फोटो, मग म्युझियममध्ये देवमाशाच्या सांगाड्याखाली फोटो आणि शेवटी पुलन पार्कातलं मेरी-गो-राउंड. त्यावर सत्तरीच्या माणसालाही बसावंच लागे. शक्यतो दोन घरचे पाहुणे एकाच गाडीत घ्यायचे, म्हणजे त्यांना बोलायला जोडीदार मिळतो.

२००४च्या उन्हाळ्यात मोनालीला धास्ती होती ती या जोडीदाराचीच. गाडी तिच्या मैत्रिणीची, शुभाची. सोबत शुभाच्या सासूबाई, पुण्याच्या रेखाकाकू. काकू मनाने वाईट नव्हत्या, पण भेटलेल्या माणसाचं आडनाव, गाव आणि गोत खणून काढल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नसे. आणि मोनालीचे वडील, नागपूरचे दादाराव मेश्राम, कुणीही भेटलं की हात जोडून 'जय भीम' म्हणायचे. साहेब असो नाहीतर दूधवाला, दुसरा नमस्कार त्यांच्या तोंडात नव्हताच.

शुभाला यातलं काही ठाऊक नव्हतं. मोनाली कॅरीत नवी असताना शुभाच्याच घरच्या पार्टीत कुणीतरी कोट्यातल्या इंजिनियरांवर जोक केला होता. सगळे हसले, शुभा हसली आणि घाबरून मोनालीही हसली. एकदा हसल्यावर मग सांगायला तोंड उरलं नाही. पुढे याच शुभाने तिच्या बाळंतपणात रोज गरम डबा पोचवला, बाळाला रात्र रात्र खांद्यावर घेतलं. परक्या मुलखात बहिणीसारखं हे एकच माणूस. ते आज हातचं जाणार, हे तिने धरूनच ठेवलं होतं.

'बाबा, उद्या जय भीम म्हणू नका,' हे शब्द आदल्या दिवशी दहादा तिच्या ओठांवर येऊन परत गेले. कुठल्या तोंडाने म्हणणार? त्याच दोन शब्दांच्या बळावर तर बापाने तिला शिकवलं होतं.

सकाळी शुभाची गाडी दारात आली. राकेश, मोनालीचा नवरा, बाळाला घेऊन घरीच थांबला. दादारावांनी काकूंकडे पाहून हात जोडले, तोंड उघडलं, तोच मोनाली मध्ये घुसली.

"बसा बाबा, बसा! सीटबेल्ट लावा आधी!"

दादारावांचे हात तसेच राहिले. त्यांनी एकवार लेकीकडे पाहिलं आणि मुकाट्याने गाडीत बसले.

मग दिवसभर तिने नुसता धुमाकूळ घातला. कॅपिटॉलपाशी काकूंनी विचारलं, "नागपूरला कुठल्या भागात हो तुम्ही?" लगेच ही ओरडली, "काकू, पुतळा बघा!" म्युझियममध्ये काकू म्हणाल्या, "आणि आडनाव काय म्हणालात?" ही पुन्हा ओरडली, "काकू, सांगाडा!"

"अगं, दिसतोय मला," काकू वैतागल्या. "घराएवढा तर आहे."

दुपारपर्यंत ओरडून ओरडून मोनालीचा आवाज बसला. पार्कात शुभाने फर्मान सोडलं, "आज नियमाला सुट्टी! सीनियर मंडळी दमलीत, ती बेंचवर, आपण प्राण्यांवर!" नको नको म्हणेपर्यंत मोनाली एका लाकडी शहामृगावर बसली होती, पाठ बेंचकडे, आणि मेरी-गो-राउंड सुरू झालं.

बाजाचा आवाज असा, की मागचं अक्षर ऐकू येईना. तिने मान वळवून पाहिलं. काकू बाबांच्या कानाशी वाकून काहीतरी विचारत होत्या. पुन्हा विचारलं. बाबांचे ओठ हलले. काकूंच्या भुवया वर गेल्या. संपलं, सगळं संपलं! उडी मारावी तर जमीन गरागरा फिरत होती, आणि शेजारच्या सशावरून शुभा "स्माइल, यार!" म्हणून कॅमेरा रोखत होती.

चक्र थांबलं. मोनाली उतरली. काकू तणतणत आल्या.

"मोनाली, तुझ्या बाबांना ऐकू येत नाही, हे आधी नाही का सांगायचं? मी आपली घसा फोडतेय, आणि हे हसून 'मोठ्यानं बोला, मोठ्यानं बोला' म्हणतायत!"

मोनालीचा जीव भांड्यात पडला, पण क्षणभरच. दादारावांनी उभी नोकरी टेलिफोन खात्यात काढली होती. शेजारच्या खोलीतली कुजबुज त्यांना अजून ऐकू यायची.

परतताना ते खिडकीतून बाहेर बघत बहिरे होऊन बसले. उतरल्यावर शुभापुढे त्यांनी हात जोडले, नुसतेच.

घरात आल्यावर मोनालीला त्यांच्याकडे बघवेना. "सॉरी, बाबा."

"सॉरी कायले? सकाळी तुझा चेहराच पाहिला ना मी." ते बुटांच्या नाड्या सोडत होते. "पण रविवारी ते लोक जेवायला येऊन राहिले म्हणतेस, तेव्हा मी वरच्या खोलीत थांबतो. बरं वाटत नाही म्हण. जन्माची सवय आहे बेटा. निघून गेलं तोंडातून, तर तुझं कसं होईल?"

नामांतराच्या मोर्चात लाठ्या खाताना हा माणूस जागचा हलला नव्हता. आज लेकीच्या घरात, दार लावलेलं असताना, तो आवाज खाली करून बोलत होता. आपल्या बापाला घाबरलेलं मोनालीने त्याआधी कधीच पाहिलं नव्हतं.